बंदुकीचं आरसी बुक

गेल्या दिवाळीत साताऱ्याला घरी होतो, जेवणं झाली आणि पडवीत नेहमीसारखा वाद पेटला. विषय बंदूक. आमच्याकडं ऊस, उसात बिबट्या, डोंगराच्या अंगाला रानडुकरं, त्यामुळं चुलतभावाचं म्हणणं असं की शेतकऱ्यानं परवाना मागितला की मिळालाच पाहिजे, अमेरिकेत बघा कुणीपण दुकानात जातो आन घेऊन येतो, आपल्याकडं मात्र ज्याच्या मागं पुढारी त्याच्याच कमरेला पिस्तूल. धाकटा शिक्षक आहे, तो म्हणाला नको रे बाबा, तिकडं पोरांच्या शाळेत गोळ्या घालतात. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले, जणू काय मी टेक्सासचा वकील. मी गप्प बसलो, कारण तीनच महिन्यांपूर्वी पोलिसांनी माझ्याकडून चोरीची बंदूक नेली होती आणि घरात हे फक्त बायकोला माहिती होतं.

आता सांगून टाकतो. मी अमेरिकेत टेक्सासमधे, डॅलसच्या उत्तरेला राहतो, ग्रीन कार्ड आहे. (साध्या व्हिसावर असताना शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर बंदूक घेता येत नाही, ग्रीन कार्डवर येते.) ऑफिसातली मंडळी शनिवारी मातीच्या तबकड्या उडवायला जातात, हवेत केशरी तबकडी सुटते आणि ती फोडायची, मला ते लय आवडलं. त्याचं मूळ आमचे आप्पा. आप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतनं रिटायर झाले आणि मग बरीच वर्षं एका बँकेच्या दारात स्वतःची बारा बोअर घेऊन स्टुलावर बसले. आमच्या भागात यात काही विशेष नाही, त्याच साताऱ्यातलं अपशिंगे असं गाव की पहिल्या महायुद्धात तिथले ४६ जण गेले ते परत आलेच नाहीत. रिटायर फौजी, बारा बोअर आणि बँकेचा दरवाजा हे आमच्याकडं ठरलेलं. त्या बंदुकीला आप्पांनी आम्हा पोरांना कधी बोट लावू दिलं नाही, ती हौस मी चाळिशीत फेडायला गेलो.

रेंजवर ओळख झालेल्या एकाच्या ओळखीचा माणूस, जुनी पंप-ॲक्शन शॉटगन, ३५० डॉलर, एका हार्डवेअर दुकानाच्या पार्किंगमधे व्यवहार. इकडं लायसनवाल्या दुकानातनं बंदूक घेतली तर फॉर्म भरायचा, दुकानदार एफबीआयच्या सिस्टिमवर तुमचं नाव तपासणार, हे १९९८ पासून चालू आहे. पण एकाच राज्यात राहणाऱ्या दोन सामान्य माणसांनी आपापसात घेतली-दिली तर केंद्राच्या कायद्यानं ते काहीच लागत नाही, काही राज्यांनी स्वतःचे नियम केलेत, टेक्सासनं नाही. मी आपल्या सवयीनं कागद मागितला. तो हसला, म्हणाला कशाला, पण शेवटी एका पावतीच्या पाठीमागं नाव, तारीख, बंदुकीचा नंबर लिहून सही ठोकली. मीच माझ्यावर खूश झालो, म्हटलं बघा, साताऱ्याचा माणूस, तोंडी व्यवहार करत नाही.

दोन वर्षांनी घर बदलायचं ठरलं तेव्हा बायको म्हणाली ही वस्तू नवीन घरात येणार नाही. विकायला काढली. घेणारा एक म्हातारा, तो म्हणाला आधी पोलिसांकडनं नंबर तपासून घेऊ, माझी पद्धत आहे. मी म्हटलं घ्या की, मला काय. बंदूक रिकामी करून गाडीच्या डिकीत ठेवली, काउंटरवर नंबर दिला, पोलीस आत गेला आणि बाहेर आला तेव्हा एकटा नव्हता. कुणाच्या तरी पिकअपमधनं ती चोरीला गेली होती आणि तशी तक्रार होती, मी विकत घेण्याच्या आधीची.

त्यानंतरचा पाऊण तास मला अजून आठवतो. चोरीची बंदूक माहीत असताना किंवा शंका यायला वाव असताना बाळगली तर इथं फेडरल गुन्हा, दहा वर्षांपर्यंत. इथल्या नागरिकाला वकिलाचा खर्च, तुरुंगाची भीती, पण देश कुठं जात नाही. ग्रीन कार्डवाला बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येतं. पोरं इथल्या शाळेत, घराचं डाऊन पेमेंट दिलेलं, आणि मी एका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून विचार करतोय की ३५० डॉलरमधे ती बंदूक जरा जास्तच स्वस्त नव्हती का, म्हणजे ‘शंका यायला वाव’ याच्यात ते बसतं का. ती पावती फोनमधे फोटो काढून ठेवली होती म्हणून वाचलो. विकणाऱ्याचा नंबर बंद. बंदूक मूळ मालकाला जाणार, माझे पैसे बुडाले, आणि हे बरोबरच आहे, चोराकडं जे नव्हतं ते मला कुठून मिळणार. आपला १९३० चा मालविक्रीचा कायदापण हेच सांगतो.

मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच पार्किंगमधे मी जुना ट्रक घेतला असता तर त्याला टायटलचा कागद असतो, मालकाचं नाव असतं, आणि गाडीचा नंबर चोरीचा आहे का हे कुणीपण घरी बसून फुकट बघू शकतो. आपल्याकडं पोवई नाक्यावर जुना मोबाईल घेताना आयएमईआय नंबर १४४२२ वर मेसेज केला की ब्लॅकलिस्टमधला आहे का कळतं. एमएच-११ ची पंधरा वर्षं जुनी स्प्लेंडर घेतली तरी आरसी बघितल्याशिवाय आपण पैसे देत नाही. आणि बंदूक? तिचा चोरीचा रेकॉर्ड माझ्यासारख्याला दिसत नाही, मला आधी तपासायचं असतं तरी पोलिसांच्याच दारात जावं लागलं असतं. जावं लागलं असतं ना, मग गेलो का नाही, हे बायकोनं विचारलं. उत्तर नाही माझ्याकडं.

आपल्या कायद्यात काय आहे बघा. १९५९ चा आर्म्स ॲक्ट. आप्पांना बंदूक विकायची असती तर आधी कलेक्टरला नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, मग ४५ दिवस थांबायचं, आणि घेणाऱ्याकडं स्वतःचा परवाना पाहिजे. ४५ दिवस! चुलतभाऊ याला छळ म्हणतो. मीपण म्हणायचो. आता वाटतं मला पार्किंगमधे नेमकं हेच हवं होतं, विकणारा तिथंच पळून गेला असता.

ऑफिसातल्या एकाला हे सांगितलं तर तो म्हणाला, आज यादी केली की उद्या सरकार बंदुका मागायला दारात येतं. इकडं ही भीती इतकी खरी आहे की केंद्रानं बंदूकमालकांची यादी करू नये असं १९८६ पासून कायद्यातच आहे. मी त्याला हसणार होतो पण मग आप्पा आठवले. निवडणूक लागली की आचारसंहितेत नोटीस, बंदूक पोलीस ठाण्यात जमा. आधी लोकसभा, मग विधानसभा, मग झेडपी. परत मिळायची तेव्हा नळीत गंज, आप्पा दोन दिवस तेल-चिंधी घेऊन बसायचे आणि ठाणेदाराचा उद्धार करायचे. तसं बघितलं तर १८७८ साली इंग्रजांनी आर्म्स ॲक्ट आणला तो आपल्या हातात हत्यार नको म्हणूनच. म्हणजे त्याची भीती आपल्याकडं घडून गेलेली आहे, एकदा कायमची आणि नंतर दर निवडणुकीला थोडी थोडी. तरी मला यादीच हवी, नळीला गंज चढला तर चढू दे.

आणि आपणपण फार शहाणे आहोत असं नाही. आप्पांच्या बारा बोअरची नोंद कलेक्टर ऑफिसात, पण साताऱ्या-सांगलीच्या पेपरात दर थोड्या दिवसांनी गावठी कट्टा सापडल्याची बातमी असतेच, त्याला ना नंबर ना मालक. जो माणूस कागद करतो त्यालाच पन्नास हेलपाटे. परवान्याचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो, आणि ज्याला रानडुकराशी काही घेणंदेणं नाही त्याच्या लग्नाच्या वरातीत हवेत बार निघतो. चुलतभावाचा राग इथं खरा आहे, फक्त त्याला अमेरिकेचं उदाहरण नको होतं. अर्ज लवकर निकालात काढा म्हणणं वेगळं आणि नोंदच नको म्हणणं वेगळं, आणि पडवीत या दोन्हीची कायम भेळ होते.

शेवटी आप्पांना फोनवर सांगितलं. आता ८१ चे आहेत, कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागलं. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, “पोलिसांनी नेली तर पावती दिली का?”

म्हटलं दिली.

“नंबर बरोबर लिहिलाय का बघ त्यात.”

बघितला. एक आकडा चुकलेला होता. दुसऱ्या दिवशी सुट्टी काढून परत काउंटरवर.