पंचनाम्यानंतरचे मृत्यू

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेलं, तेव्हा महाराष्ट्रात वाद पेटला तो ओला दुष्काळ जाहीर करायचा की नाही, हेक्टरी मदत किती आणि मर्यादा दोन हेक्टरची की तीनची यावर. ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं आणि मग त्यातले नवे पैसे किती, हा वाद सुरू झाला. हे वाद व्हायलाच हवेत. माती खरडून गेलेलं रान पुन्हा पेरणीजोगं करायला काय लागतं, हे ज्याचं रान गेलं त्यालाच ठाऊक. पण इथे जपानमध्ये मराठी बातम्या वाचताना मला दर पावसाळ्यात एकच गोष्ट खटकते. मृतांचा आकडा पहिल्या काही दिवसांत येतो आणि मग तिथेच थांबतो. पाणी ओसरलं, ढिगारा उपसून झाला, की माणसांची मोजणी बंद.

कोबेचा भूकंप १७ जानेवारी १९९५चा, किल्लारीचा त्याच्या जेमतेम सव्वा वर्ष आधीचा. दोन्ही पहाटेचे. दोन्हीकडे लोक झोपेत असताना अंगावर घर कोसळलं. किल्लारीत दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, कोबेत जुन्या लाकडी घरांवरची जड कौलं. किल्लारी परिसरात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली, कोबे परिसरात ६,४३४. मात्र या ६,४३४मधली सुमारे ९०० माणसं त्या पहाटे मेली नव्हती. घर पडलं तरी ती वाचली होती. नंतर ऐन हिवाळ्यात शाळांच्या गारठलेल्या हॉलमध्ये कुणाला न्यूमोनियाने गाठलं, कुणाचं हृदय बंद पडलं. जपानने त्यांनाही भूकंपाचेच बळी मानलं.

तेव्हापासून इथे ही रीतच पडली आहे. नातेवाईक नगरपालिकेकडे अर्ज करतात, डॉक्टर आणि वकील असलेली समिती आजारपणाचे कागद तपासते आणि मृत्यूचा आपत्तीशी संबंध आहे की नाही ते ठरवते. संबंध मान्य झाला, तर घरातल्या कमावत्या माणसामागे ५० लाख येन आणि इतरांमागे २५ लाख येन मिळतात, म्हणजे ढिगाऱ्याखाली गेलेल्याच्या घरी मिळतात तेवढेच. या मोजणीतून जे समोर आलं ते हादरवणारं आहे. २०१६च्या कुमामोतो भूकंपात थेट ५० माणसं गेली, नंतर दोनशेहून अधिक. १ जानेवारी २०२४च्या नोतो भूकंपातही नंतर गेलेल्यांची संख्या थेट मृतांच्या पुढे गेली. २०११नंतर फुकुशिमा प्रांतात तर अशा मृत्यूंची नोंद २,३०० च्या वर गेली आहे. त्सुनामीने आणि भूकंपाने तिथे याहून कमी माणसं नेली होती. अणुभट्टीच्या अपघातामुळे दवाखान्यांतली आणि वृद्धाश्रमांतली अंथरुणाला खिळलेली माणसं बसमध्ये घालून या गावाहून त्या गावाला हलवली, त्या ओढाताणीत कित्येक गेली.

मोजल्यामुळे कारणं कळतात. आसरा घेतलेल्या शाळेतलं शौचालय तुंबलं, की बायका आणि म्हातारी माणसं पाणी पिणंच कमी करतात. त्यात दिवसभर जमिनीवर एकाच जागी बसून राहिलं किंवा रात्र गाडीत काढली, की पायात रक्ताची गुठळी होते आणि ती फुप्फुसात जाते. कुमामोतोत हे घडलं. म्हणून आता इथे आपत्तीच्या तयारीत पुठ्ठ्याचे पलंग ठेवलेले असतात आणि स्वच्छ शौचालय, गरम जेवण, पलंग या तीन गोष्टी शक्य तितक्या लवकर पोचवण्याचा आग्रह धरला जातो. अन्नाची पाकिटं वाटणारे हात आपल्याकडेही कमी नसतात, उलट मदतीला धावून जाण्यात महाराष्ट्र कुणालाच हार जाणार नाही. पण शाळेत उतरलेल्या दोनशे माणसांना दोन शौचालयं, हा प्रश्न आपल्या एकाही पॅनेल चर्चेत येत नाही.

जपानी पद्धत निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. एक पालिका मान्य करते तसंच प्रकरण दुसरी फेटाळते, घरचे लोक कोर्टात जातात. सहा महिन्यांनंतरचा मृत्यू आपत्तीचा नाही असं गृहीत धरणारा निकष निगाता प्रांतातल्या २००४च्या भूकंपानंतर आला आणि त्याने कित्येकांवर अन्याय केला. कोबेत तात्पुरत्या घरांत दोनशेहून अधिक माणसं एकटी मरून पडली, तीही बहुतेक हिशेबाबाहेरच राहिली.

तरी नंतर गेलेल्यांसाठी इथे एक रकाना आहे. आपल्याकडे तो नाही. आपत्ती निधीतून मृताच्या कुटुंबाला चार लाख मिळतात, पण बुडाला, दरडीखाली सापडला, वीज पडली, असं कारण कागदावर यावं लागतं. माळीण जुलै २०१४मध्ये गाडलं गेलं आणि नव्या गावाचं लोकार्पण एप्रिल २०१७मध्ये झालं. मधला काळ वाचलेल्यांनी पत्र्याच्या शेडमध्ये काढला. त्या काळात घरात कुणी गेलं, तर ते ‘नैसर्गिक’. आणि पुरानंतर पीक गेलेल्या शेतकऱ्याने जीव दिला, तर प्रकरण वेगळ्याच समितीकडे जातं, पात्र-अपात्र ठरतं आणि मिळतो तो एक लाख.

हे आपल्याला जमणार नाही, असं मला कुणी सांगू नये. कोविडमध्ये जमलं. सर्वोच्च न्यायालयाने रेटा लावल्यावर २०२१मध्ये, चाचणीनंतर तीस दिवसांच्या आत झालेला मृत्यू कोविडचा धरायचा असं ठरलं, त्या मुदतीतल्या आत्महत्याही त्यात आल्या आणि कुटुंबांना पन्नास हजार रुपये देण्यात आले. रक्कम तोकडी होती, पण तत्त्व मान्य झालं होतं. तेच पूर, दरड आणि भूकंपाला लावायचं आहे.

पैशांचं नंतर बघू, आधी मोजा. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होतच असते. बीड, धाराशिव, सोलापूर यांपैकी एका जिल्ह्याने जरी पूरग्रस्त गावांतल्या ऑक्टोबर ते मार्च या सहा महिन्यांच्या नोंदी काढून आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडून पाहिल्या, तर जादा माणसं गेली का आणि ती कोण होती, हे कळेल. वय, आजार, राहण्याची जागा आणि दवाखाना किती लांब होता, एवढे चार रकाने पुरेत. हे काम जिल्हाधिकाऱ्याच्या एका आदेशाने सुरू होऊ शकतं.