जिल्ह्याच्या रकान्यात देश

न्यू जर्सीत अकरा वर्षे घरपट्टी भरल्यानंतर गेल्या मंगळवारी मी एका सरकारी अर्जातील ‘काउंटी’च्या रकान्यात सुवाच्य अक्षरात ‘भारत’ असे लिहिले. चष्मा घरी राहिला होता, एवढेच माझे म्हणणे आहे. खिडकीतील बाईंनी मात्र तो शब्द बहिऱ्याला सांगावा तसा तीनदा उच्चारून दाखवला आणि हा गृहस्थ कालच विमानातून उतरला असावा, अशी साऱ्या रांगेची खात्री पटली.

माझ्या मागे भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले एक काका उभे होते. मुलाकडे दीड महिन्यासाठी आलेल्या या गृहस्थांनी मला स्वतःचे पेन दिले आणि त्याच्या मोबदल्यात माझा ताबा घेतला.

“अहो, काउंटी म्हणजे आपला जिल्हा! तुमचा मिडलसेक्स, मुख्यालय न्यू ब्रन्सविक. स्थापना 1683, आणि 1688 मध्ये त्यातून सॉमरसेट वेगळा काढला. पाच वर्षांत विभाजन! आपल्याकडे ठाण्यातून पालघर निघायला 2014 उजाडले.”

मी मान डोलावली. तेवढ्याने भागले असते तर हा लेख लिहिला नसता.

“लोकसंख्या 2020 च्या जनगणनेनुसार 8,63,162,” काका पुढे म्हणाले, “म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याचा दहावा हिस्सासुद्धा नाही, तरी स्थानिक कारभार पंचवीस ठिकाणी वाटलेला. मधून रॅरिटन नदी वाहते, पुढे त्याच नावाच्या उपसागराला मिळते. हद्दीच्या खुणा चांगल्या आहेत.” मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, “पण मिडलसेक्स म्हटल्यावर लॉर्ड्सचे मैदान कुठल्या बाजूला?”

ते लंडनमध्ये आहे, असे मी सांगितले. मूळ इंग्लिश मिडलसेक्सचा प्रशासकीय जिल्हा 1965 मध्येच मोडीत निघाला, हेही सांगितले. दिवसभरात मला माहीत असलेली तेवढी एकच गोष्ट होती. काकांचा चेहरा उतरला. “म्हणजे मूळ दस्त रद्द आणि नक्कल चालू?” ही त्यांच्या खात्यात अक्षम्य बाब असावी.

मला खरा राग काकांचा नाही. ज्या एडिसनमध्ये मी राहतो, त्याचे नाव 1954 पर्यंत रॅरिटन टाउनशिप होते. म्हणजे गावाने आपले नाव बदलले तर तो शास्त्रज्ञाचा सन्मान, आणि मी एक रकाना चुकलो तर मला सावकाश, मोठ्याने समजावून सांगायचे. घरपट्टीच्या बिलात काउंटीचा वाटा दर वर्षी वेगळा छापून येतो. तो भरताना माझे इंग्रजी कुणालाही अपुरे वाटलेले नाही.

नव्या अर्जावर मी ‘मिडलसेक्स’ असे ठळक लिहिले. तारीख मात्र सवयीने आधी दिवस, मग महिना अशी पडली, त्यामुळे अर्ज तिसऱ्यांदा भरावा लागला, आणि या खेपेला काकांनी पेन दिले नाही.