गुलाबी पिन

पितरांची अवस्था काय असते, ते मला 2006 साली दिवाळीच्या तोंडावर कळलं. समोर संगणकाच्या पडद्यावर, स्काइपवरून, न्यू जर्सीतली ताई दिसत होती. टेबलावरच्या स्पीकरमधून तिचा आवाज येत होता. मागे सोफ्यावर तिच्या सासूबाई स्वेटर विणत बसल्या होत्या. त्या सहा महिन्यांच्या मुक्कामाला तिकडे गेल्या होत्या. आणि इकडे सांगलीत आम्ही तिघं एका स्टुलावर आणि दोन खुर्च्यांवर दाटीवाटीने बसून तिच्याशी बोलत होतो, पण तिला आम्ही ना दिसत होतो (कॅमेरा आमच्याकडे नव्हता), ना ऐकू येत होतो. नुसता कावळा शिवायचा बाकी होता.

"हॅलो? बाबा? आहात का?"

"आहोत!" बाबा ओरडले. दूरच्या माणसाशी बोलायचं शिक्षण त्यांनी ट्रंक कॉलवर घेतलेलं. सांगलीहून मुंबईला जी पट्टी लागायची, तिच्यावरून त्यांनी अमेरिकेची पट्टी काढली. शेजारचे काका बनियनवरच धावत आले आणि कुणाचं काय झालं म्हणून विचारू लागले. ताईला मात्र काहीच ऐकू गेलं नाही.

घरात नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं. त्या भरात मी दीडशे रुपयांचा हेडफोन आणला होता. त्याला तोंडापुढे वाकवायचा माइक आणि शेपटीला दोन पिना होत्या. हिरवी ऐकायची, गुलाबी बोलायची. संगणकाच्या कॅबिनेटच्या पुढच्या अंगाला दोन भोकं होती. हिरवीत हिरवी, गुलाबीत गुलाबी, बालवाडीतलं पोरही चुकणार नाही. ऐकायला स्पीकर होतेच, त्यामुळे हेडफोनच्या कानातूनही चकार शब्द येत नाही, याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. सगळा गुंता तिथेच सुटला असता, पण मग तीन रविवार कसे गेले असते?

पहिल्या रविवारी मी आवाजाच्या खिडकीत शिरलो. विंडोज एक्सपीत घड्याळाशेजारच्या स्पीकरवर दोनदा टिचकी मारली की पट्ट्यांची एक रांग उघडते. त्यातली माइकची पट्टी मी तासभर वरखाली केली. ती पट्टी आपल्याला ऐकू येणाऱ्या आवाजाची असते, पाठवायच्या आवाजाची नव्हे. पाठवायच्या पट्ट्या ऑप्शन्स, प्रॉपर्टीज, रेकॉर्डिंग अशा तीन दिंडी दरवाजांच्या आत. तिथे 'स्टिरिओ मिक्स'वर खूण होती. म्हणजे संगणक स्वतः जे वाजवतोय, तेच पलीकडे पाठवायचं. तेवढ्यात ताई हर्षाने किंचाळली, "आई, ऐकू आलं! अगं, तुझा आवाज किती माझ्यासारखा येतोय!"

आई गेली दहा मिनिटं एक शब्द बोलली नव्हती. ताईला ताईच ऐकू येत होती. आईचे डोळे मात्र भरून आले, आणि खरा प्रकार सांगायचं धाडस मला रात्री जेवणं झाल्यावर झालं.

दुसऱ्या रविवारी मी खूण 'मायक्रोफोन'वर आणली आणि स्काइपच्या चाचणीच्या नंबरला फोन लावला. तिथे एक बाई आदबशीर इंग्रजीत सांगायच्या, की बीपनंतर बोला, तुमचं तुम्हाला ऐकवते. मी "एक, दोन, तीन" म्हणालो. बाईंनी माझं मौन मला परत केलं. पुन्हा म्हणालो. त्यांनी पुन्हा तितक्याच अदबीने मौन परत केलं. असं आठ वेळा झालं.

"या बाई जाणकार दिसतायत," बाबा म्हणाले. "त्यांनाच विचार ना काय बिघडलंय ते."

"त्या रेकॉर्ड केलेल्या आहेत, बाबा."

"मग त्यांचा आवाज बरा रेकॉर्ड झाला!"

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तिसऱ्या रविवारी खालच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा मुलगा स्क्रू ड्रायव्हर घेऊन आला. ड्रायव्हर टाका, फॉरमॅट मारा, असलं काही न म्हणता त्याने कॅबिनेटचं दार उघडलं. आत पुढच्या भोकांपासून निघालेली वायर, गुंडाळी करून, रबर लावून, तशीच लोंबत होती. मदरबोर्डला कधी जोडलीच नव्हती. दोन वर्षं ती दोन भोकं नुसती शोभेला होती, देवळाच्या भिंतीवरच्या खोट्या खिडक्यांसारखी. त्यातल्या एकापुढे मी तीन आठवडे माझी गाऱ्हाणी मांडत होतो.

"मागच्या भोकांत घाला," म्हणून मुलगा चहा प्यायला बसला. मी टॉर्च घेऊन टेबलाखाली गेलो. धूळ, जळमटं आणि हरवलेलं एक सेफ्टी पिनांचं कार्ड. स्पीकरची पिन उपटून हेडफोनच्या दोन्ही पिना चाचपडत खुपसल्या. वर आता ताईचाही आवाज गेला. बाबांनी वैतागून हेडफोन कानावरून ओढला, तोंडासमोर धरला आणि म्हणाले, "च्यायला, भंगारात घाला हे डबडं!"

पडद्यावर ताईचा मजकूर उमटला: बाबा कुणावर ओरडतायत?

मी पिना उलट्या घातल्या होत्या. हेडफोनच्या कानात पडदा, तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक असतं. वेटोळ्यात वीज सोडली की पडदा हलून आवाज होतो, आणि पडद्यावर ओरडलं की उलट वेटोळ्यात बारीकशी वीज तयार होते. म्हणजे कान हाच कच्चा माइक. आमच्या घरातून अमेरिकेला पोचलेलं पहिलं वाक्य कानात बोललेलं आहे आणि ते शिवीने सुरू होतं.

पुढचं सोपं होतं. गुलाबीत गुलाबी घातली, हिरवीत पुन्हा स्पीकर लावले आणि हेडफोन टेबलावर ठेवला, म्हणजे सगळ्यांचंच बोलणं जाईल. आवाज जरा बारीक जात होता, म्हणून मुलाने 'माइक बूस्ट'वर खूण केली. वीस डेसिबल, म्हणजे सिग्नल दहापट. "असू दे, असू दे," बाबा म्हणाले, "लांब आहे ते."

ताई हसायला लागली. तिला पंखा ऐकू येत होता, रस्त्यावरची रिक्षा ऐकू येत होती. "कुकरची तिसरी ना ही?" तिने विचारलं. मी आईला हाक मारणार, एवढ्यात स्वयंपाकघरातून पोळ्या लाटता लाटता आईचाच आवाज आला, "लागलं का रे तुमचं ते? नाहीतर उठा आता. आणि त्या विहीणबाई बघितल्यास का? तीन रविवार बघतेय, सोफा सोडलेला नाही. पोरीला एक पोळी लाटून देत नसतील!"

पडद्यावर विणायच्या सुया थांबल्या. मग स्पीकरमधून, अगदी घरात बसून बोलावं इतक्या स्पष्टपणे शब्द आले:

"नमस्कार हो, विहीणबाई! आता छान येतोय आवाज."