पंधरा हजारांचं डिडक्टिबल घेऊन वाचतं किती?

“कारच्या विम्यात व्हॉलंटरी डिडक्टिबल सरळ १५,००० घ्या. हप्ता निम्म्यावर येतो, छोटे क्लेम आपण तसेही करत नाही आणि झिरो डेप असेल तर खिशातून काही जात नाही.” हा सल्ला सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. व्हॉलंटरी डिडक्टिबल म्हणजे क्लेमच्या वेळी स्वतः भरायची म्हणून आपणच निवडलेली रक्कम आणि झिरो डेप म्हणजे सुट्या भागांचा घसारा कापू नये म्हणून घेतलेलं जादा कव्हर. त्यातली एकच गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्यावर विश्वास ठेवून लोक ऐन अडचणीत फसतात, म्हणून हे लिहितो आहे.

आधी निम्म्या हप्त्याचं बघू. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठीच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीचा, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीसाठीचा दर सरकार ठरवतं. २०२२ च्या दरपत्रकात १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी कारला तो ३,४१६ रुपये आहे. डिडक्टिबल कितीही घ्या, त्यातला एक रुपयाही कमी होत नाही. ओन डॅमेजवरच्या सुटीलाही कमाल मर्यादा असते. जुन्या मोटर टॅरिफमधला आणि आजही अनेक कंपन्या वापरतात तो तक्ता असा: २,५०० ला २० टक्के, पण जास्तीत जास्त ७५० रुपये, ५,००० ला २५ टक्के, १,५०० पर्यंत, ७,५०० ला ३० टक्के, २,००० पर्यंत, १५,००० ला ३५ टक्के, २,५०० पर्यंत.

आता ओन डॅमेजचा हप्ता ८,००० धरा आणि जीएसटी बाजूला ठेवा. ५,००० च्या डिडक्टिबलला १,५०० वाचतात, १५,००० ला २,५००. म्हणजे वरच्या १,००० रुपयांसाठी आपण १०,००० ची जादा जोखीम अंगावर घेतो. दहा वर्षं एकही क्लेम आला नाही, तर कुठे बरोबरी! माझ्या मते हा व्यवहार सरळसरळ तोट्याचा आहे.

त्यातही ज्यांचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्क्यांवर पोचला आहे, त्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. हिशेबात डिडक्टिबलची सूट आधी वजा होते आणि एनसीबी उरलेल्या रकमेवर लागतो. त्यामुळे २,५०० च्या सुटीतून त्यांच्या हाती प्रत्यक्षात १,२५० च पडतात. गाडी जुनी असेल आणि ओन डॅमेज ३,००० च असेल, तर ३५ टक्के म्हणजे जेमतेम १,०५०, तेही एनसीबी लागण्याआधी.

छोट्या क्लेमचा मुद्दा अर्धा खरा. बंपरवरच्या चार हजारांच्या ओरखड्यासाठी ५० टक्के एनसीबी घालवू नये, हे मलाही मान्य आहे. पण डिडक्टिबल फक्त छोट्या क्लेमला लागतं असं नाही. ते प्रत्येक घटनेला, अगदी चोरी किंवा टोटल लॉसलाही (गाडी पूर्ण निकामी झाली तरी) कापलं जातं. शिवाय कम्पल्सरी, म्हणजे सक्तीचं डिडक्टिबल वेगळं असतं: १,५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. पावसाळ्यात झाड पडून ६०,००० चं बिल झालं, तर छोट्या कारच्या मालकाला १६,००० स्वतःच भरावे लागतात. कॅशलेस गॅरेजमध्येही ते भरल्याशिवाय गाडी ताब्यात मिळत नाही.

झिरो डेपबद्दलचा दावा तर साफ चुकीचा आहे. साध्या पॉलिसीत प्लास्टिक, रबर, बॅटरीच्या किमतीतून ५० टक्के आणि फायबरग्लासमधून ३० टक्के घसारा कापतात. झिरो डेपने ती कपात बहुतांशी टळते. डिडक्टिबल मात्र जिथल्या तिथे राहतं.

मग निवडायचं काय? गाडी रोज गर्दीत चालते, रस्त्यावर उभी राहते किंवा घरात नवशिका चालक आहे, तर व्हॉलंटरी शून्य ठेवा. अनेक वर्षं क्लेम नाही आणि हाताशी रक्कम शिल्लक आहे, तर २,५०० किंवा ५,००० ठीक. १५,००० चा विचार फक्त त्यांनी करावा, ज्यांना कंपनी या तक्त्यापेक्षा बरीच मोठी सूट लेखी देते आहे. आणि दोन कोटेशनांची तुलना करताना दोन्हींत व्हॉलंटरीचा आकडा एकच आहे ना, हे बघा. कधी कधी स्वस्त दिसणाऱ्या कोटेशनमध्ये तो आधीच वाढवून ठेवलेला असतो.