‘दुसरा कंट्रोलर दिसत नाही म्हणजे कार्ड मेलं’: हा मजकूर पुढे पाठवण्याआधी

गेले काही महिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरतोय. सन कंपनीची जुनी युनिक्स मशीनं सांभाळणारी माणसं आपल्याकडे, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत, अगदी मोजकी आहेत. त्यांच्यातल्या चौघांनी तो मला पाठवला आणि ‘हे खरं का?’ म्हणून विचारलं. मजकूर थोडक्यात असा: जुन्या युनिक्स मशीनवरच्या दुसऱ्या स्कझी कार्डाच्या (डिस्क जोडायच्या कंट्रोलरच्या) डिस्क ‘प्रोब-स्कझी’त (डिस्क शोधायच्या आज्ञेत) दिसत नसतील तर कार्ड मेलं समजा. दोन्ही कंट्रोलरवर डिस्कचा एकच आयडी (क्रमांक) असला तर भांडण होतं. प्रत्येक डब्याला (डिस्कच्या बाहेरच्या पेटीला) टर्मिनेटर (केबलच्या टोकाला लावायचे रोध) असलेला बरा. कोकणच्या खाऱ्या हवेत इतके जुने बोर्ड टिकत नाहीत, वेळ घालवू नका. मशीन बंद करून चालू केलं की युनिक्स नवीन डिस्क आपोआप ओळखतं. आणि जुनी डिस्क ‘सी२’ या नावाने आली तर मशीनने ती नवी धरली आहे, फॉरमॅट करून घ्या.

सहाही गोष्टी चुकीच्या आहेत. शेवटची तर घातक आहे. दाभोळ खाडीकाठच्या एका निवृत्त ड्राफ्ट्समन काकांकडे सनचं स्पार्कस्टेशन २० आहे, सोलारिस २.६ (सनचं युनिक्स) चालवणारं. दुसऱ्या कार्डाला जोडलेल्या दोन डिस्कवर त्यांनी आयुष्यभर काढलेले मच्छीमार होड्यांचे आराखडे होते. दुरुस्तीला आलेल्या माणसाने याच मजकुराबरहुकूम काम केलं. मी पोचलो तेव्हा काका एवढंच म्हणाले, “कार्ड मेलं म्हणाला रे तो. मग दुसरं घातलं, आणि डिस्क नव्या आहेत म्हणाला.” त्या दुपारी जे पाहिलं ते डोळ्यांसमोर ठेवूनच हे लिहितोय.

आधी ‘प्रोब-स्कझी’. सगळा घोळ इथे सुरू होतो. सोलारिस सुरू होण्याआधीच्या ‘ओके’ प्रॉम्प्टवर ही आज्ञा दिली की मदरबोर्डवरचा मूळ कंट्रोलर तेवढा तपासला जातो. एसबस स्लॉटमधल्या (सन मशीनवरच्या जादा कार्डांच्या खाचेतल्या) कार्डाकडे ती पाहतच नाही. त्यामुळे दुसऱ्या कार्डाच्या डिस्क तिथे न दिसणं हेच बरोबर आहे. सगळे कंट्रोलर तपासायचे तर ‘प्रोब-स्कझी-ऑल’ द्यावी लागते. तीही चालू सोलारिस कीबोर्डवरच्या स्टॉप-ए ने थांबवून लगेच देऊ नका, मशीन लटकतं. आधी ‘सेटएन्व्ह ऑटो-बूट? फॉल्स’, मग ‘रीसेट’, आणि ‘ओके’ आला की मग ती आज्ञा. काम झालं की ऑटो-बूट पुन्हा ‘ट्रू’ करायला विसरू नका, नाहीतर रात्री वीज जाऊन आली की सकाळी मशीन ‘ओके’ वरच बसलेलं सापडेल.

पण त्याच्याही आधी ‘शो-डेव्ह्ज’ द्या, असं मी प्रत्येकाला सांगतो. एसबस कार्डाच्या अंगावर एक छोटा रॉम असतो आणि त्यात एफकोड नावाचा प्रोग्राम. मशीन चालू होताना तो वाचला जातो आणि कार्ड स्वतःची ओळख सांगतं. ‘शो-डेव्ह्ज’च्या लांबलचक यादीत ‘ईएसपी@’ असलेल्या ओळी शोधा. स्पार्कस्टेशन २० वर मूळ कंट्रोलरच्या ओळीत @ नंतर ‘एफ’ असतो, कार्डाच्या ओळीत स्लॉटचा आकडा. तिथे ‘ईएसपी@१’ दिसलं, म्हणजे कार्डाला वीज मिळतेय, त्याचा रॉम वाचता येतोय आणि ते मशीनशी बोलतंय. तरीही डिस्क दिसत नसतील तर दोष बहुधा कार्डाच्या पलीकडे शोधायचा: केबल, टर्मिनेटर, टर्मिनेटरला जाणारी वीज, डब्याची वीज, आयडी. ओळच नसेल तर अलीकडे: कार्ड स्लॉटमध्ये नीट बसलंय का, ‘एसबस-प्रोब-लिस्ट’ या सेटिंगमधून त्या स्लॉटचा आकडा कोणी काढलाय का, आणि हे सगळं ठीक असेल तर कार्ड. कार्ड दिसतं का हा एक प्रश्न आणि डिस्क दिसते का हा दुसरा. मजकुरात या दोघांची खिचडी झाली आहे. काकांचं ‘मेलेलं’ कार्ड मी त्याच दिवशी परत बसवलं, ‘शो-डेव्ह्ज’मध्ये ते पहिल्या फटक्यात आलं. आजही ते त्याच मशीनमध्ये चालू आहे.

आयडीचा मुद्दा लवकर संपतो. प्रत्येक कंट्रोलरची बस, म्हणजे डिस्क जोडणारी केबलची साखळी, स्वतंत्र असते. पहिल्या बसवर आयडी ३ ची डिस्क आणि दुसऱ्या बसवरही आयडी ३ ची डिस्क, यात काही बिघडत नाही, जसं दोन गावांत पाटलांचं घर असू शकतं. एकाच बसवर मात्र दोघांना एक आयडी चालत नाही, आणि ७ हा सहसा कंट्रोलरचा स्वतःचा. ही समजूत बहुधा सनच्या जुन्या रिवाजातून आली असावी. आतली बूट डिस्क आयडी ३ वर ठेवायची आणि सनओएस ४ मध्ये तिला ‘एसडी०’ म्हणायचं, अशी पद्धत होती. त्यातून ‘तीन नंबर सिस्टिमचा, त्याला हात लावू नये’ असं लोकांच्या मनात पक्कं बसलं.

टर्मिनेटरबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथली चूक लगेच दिसत नाही. स्कझी बस ही एक सरळ रेघ आहे. तिच्या दोन टोकांना एकेक टर्मिनेटर, मध्ये एकही नाही. दुसरं कार्ड बाहेरच्या डब्यांना जोडलं असेल तर एक टोक खुद्द कार्डच असतं आणि त्यावर टर्मिनेशन असतंच. उरलं दुसरं टोक, म्हणजे साखळीतला शेवटचा डबा. एवढंच. तिसरा टर्मिनेटर मध्ये लागला की बसवरचा भार वाढतो, सिग्नल दबतो, आणि गंमत म्हणजे प्रोब करताना डिस्क तरीही दिसते. तिचं नाव विचारायला मोजकेच बाइट लागतात, तेवढे जातात. मोठी फाइल उचलायला गेलं की खरं रूप कळतं.

काकांच्या मशीनच्या ‘/व्हार/अ‍ॅडम/मेसेजेस’ या नोंदींच्या फाइलमध्ये कितीतरी महिन्यांपासून एक ओळ पुन्हा पुन्हा आलेली होती: ‘टार्गेट २.० रिड्यूसिंग सिंक. ट्रान्सफर रेट’. तिच्या पाठोपाठ कुठेकुठे ‘रिव्हर्टिंग टू असिंक. मोड’. म्हणजे मशीन डिस्कशी बोलायचा वेग उतरवतंय. ही ओळ दिसली की पहिला संशय केबल आणि टर्मिनेशनवर घ्यायचा. डबा उघडला. मधल्या डब्यातल्या डिस्कवर नखाएवढा काळा जंपर, टर्मिनेशन चालू करणारा. शेवटच्या डब्याच्या पाठीला बाहेरचा टर्मिनेटरही होता, पण जुन्या पद्धतीचा, नुसत्या २२० आणि ३३० ओहमच्या रोधांचा. जंपर काढला, शेवटी अ‍ॅक्टिव्ह टर्मिनेटर लावला, तो ११० ओहमचा असतो आणि आतल्या रेग्युलेटरमुळे व्होल्टेज स्थिर ठेवतो. ती ओळ त्यानंतर आलेली नाही.

याच जागी आणखी दोन गोष्टी तपासा. टर्मिनेटरला वीज बसमधूनच मिळते आणि कार्डावर तिच्यासाठी फ्यूज असतो. चालू मशीनची केबल ओढताना तो उडू शकतो. मल्टीमीटर घ्या, ५० तारांच्या पट्टी केबलवर रंगीत कडेपासून २६ वी तार मोजा: ४.२५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. तिच्या शेजारची २५ वी तार मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. कनेक्टर चुकून उलटा बसला तर २६ ची जागा २५ घेते, आणि त्या वेळी वीज जमिनीत शॉर्ट होऊ नये म्हणून ही सोय आहे. ज्यांनी हे आखलं त्यांनी आपल्यासारख्यांच्या हातांचा विचार केला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं. दुसरी गोष्ट लांबी. फास्ट स्कझीला सगळी मिळून ३ मीटर, आणि त्यात प्रत्येक डब्याच्या आतली केबलही धरायची. बाहेरून दोन मीटर दिसणारी साखळी आतून तीनच्या पुढे गेलेली मी पाहिली आहे.

आता खारी हवा. हा दावा आपल्या माणसांना पटकन पटतो, कारण खिडकीचे गज गंजताना आपण रोज बघतो. हवेचा त्रास होतो, नाही असं नाही. पण तो बहुतेक वेळा जोडांवर होतो आणि जोड साफ करता येतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, वीज काढलेली, आणि पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायचं नाही. पीसीच्या कार्डांसारखं खोडरबर घासायला जाऊ नका. एसबस कार्डाला घासायची कड नसतेच. खाली ९६ पिनांचा नाजूक कनेक्टर असतो, कार्ड मदरबोर्डला समांतर आडवं बसतं, आणि तिरकं दाबलं की पिन वाकते. कार्ड ‘मेल्याच्या’ कितीतरी तक्रारी सरळ उचलून सरळ बसवल्यावर मिटल्या आहेत.

आपल्याकडची खरी चूक वेगळी आहे. जूनमध्ये मशीन बंद करून प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि गणपतीला उघडायचं. आत कोंडलेला दमटपणा तोवर तिथेच राहतो. रोज दोन-तीन तास चालणारं मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. गुंडाळायचंच असेल तर सुती चादर घ्या. पुराचं पाणी शिरलेल्या मशीनची गोष्ट वेगळी. २०२१ च्या जुलैत चिपळुणात जी मशीनं पाण्याखाली गेली ती सुकल्यासारखी दिसली तरी चालू करण्याजोगी नव्हती, आतला गाळ धुतल्याशिवाय वीज देणं म्हणजे उरलंसुरलं जाळणं. पण त्या अनुभवावरून दमट हवेतल्या प्रत्येक बोर्डाला मोडीत काढायचं हे बरोबर नाही.

बंद-चालू केल्याने डिस्क आपोआप ओळखली जाते, हे सोलारिसला लागू नाही. साध्या बूटमध्ये नव्या कार्डाच्या डिस्कना ‘/डेव्ह/डीएसके’मध्ये नावं मिळत नाहीत. ‘ओके’ वर ‘बूट -आर’ द्यावं लागतं, किंवा चालू मशीनवर ‘टच /रीकॉन्फिगर’ करून मग रीबूट. सोलारिस २.६ वर ‘डीआरव्हीकॉन्फिग’ आणि पाठोपाठ ‘डिस्क्स’ चालवूनही जमतं. सोलारिस ८ वर यासाठी ‘डेव्हएफएसअ‍ॅडम’ आहे. बाहेरचा डबा मशीनच्या आधी चालू करा, म्हणजे प्रोब होईपर्यंत डिस्क फिरायला लागलेली असते.

आणि ‘सी२’. ‘सी१टी२डी०’ या नावातला ‘सी’चा आकडा डिस्कचा नसतो. डिस्कवर तो कुठेही लिहिलेला नाही. तो कंट्रोलरच्या वाटेला, म्हणजे कुठल्या बसच्या कुठल्या स्लॉटमधलं कुठलं कार्ड, याला दिलेला क्रमांक आहे. ‘/ईटीसी/पाथ_टू_इन्स्ट’मध्येही त्या वाटा नोंदलेल्या असतात. कार्ड एका स्लॉटमधून दुसऱ्यात गेलं की वाट बदलते. सोलारिस जुनी ‘सी१’ची नावं तशीच ठेवतं आणि नव्या वाटेला पुढचा मोकळा आकडा देतं, सी२. डिस्क तीच, तिच्यावरचं सगळं तसंच. फक्त ‘/ईटीसी/व्हीएफएसटॅब’मध्ये (बूट होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीत) अजून सी१ लिहिलेलं असतं, म्हणून बूट होताना तपासणी अडते आणि मशीन रूटचा पासवर्ड मागत थांबतं. उपाय सोपा: कार्ड जुन्या स्लॉटमध्ये परत बसवा, नाहीतर व्हीएफएसटॅबमध्ये सी१ च्या जागी सी२ लिहा. फॉरमॅटचा इथे संबंधच नाही.

त्या माणसाने दुसरं कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं, ‘बूट -आर’ दिलं, आणि सी२ आल्यावर दोन्ही डिस्कवर नवं लेबल लिहिलं. पहिल्या डिस्कवर पुढे नवी फाइल-रचना घालणारं ‘न्यूएफएस’ही चालवलं. न्यूएफएस आयनोड पुसतं, फाइल कुठून कुठे आहे हा हिशोबच नाहीसा होतो. ती डिस्क मी वाचवू शकलो नाही. दुसरीवर फक्त लेबल गेलं होतं, म्हणजे स्लाइस (डिस्कचा एकेक भाग) कुठे सुरू होते नि कुठे संपते एवढंच हरवलं होतं, आतल्या कशालाही हात लागलेला नव्हता.

काकांनी कपाटातून एक फाइल काढली. १९९८ साली मशीन लावून देणाऱ्याने दोन्ही डिस्कचं ‘पीआरटीव्हीटॉक’ (स्लाइसच्या आकड्यांचा तक्ता) छापून त्यात लावून ठेवलं होतं, कडा पिवळ्या पडलेला एक कागद, आकडे मात्र स्वच्छ. आधी स्लाइस २ वरून, म्हणजे पूर्ण डिस्क, ‘डीडी’ने प्रत काढली. मग कागदावरचे आकडे एकेक करून टंकले, काकांनी बोट ठेवून वाचले, मी परत वाचून दाखवले, आणि ‘एफएमटीहार्ड’ने ते लेबल डिस्कवर लिहिलं. ‘एफएससीके -एन’, काही न बदलता नुसती तपासणी. चूक एकही नाही. मग फक्त वाचण्यापुरतं माउंट केलं. पहिली फाइल उघडली ती अठ्ठावीस फुटी होडीची, आणि काका खुर्ची ओढून पडद्याजवळ बसले.

तुमच्या मशीनवर आज सगळं नीट चालत असेल तर आजच प्रत्येक डिस्कचं ‘पीआरटीव्हीटॉक’ छापा, कुठलं कार्ड कुठल्या स्लॉटमध्ये आहे ते त्याच कागदावर पेनाने लिहा, आणि कागद मशीनच्या झाकणाला आतून न चिकटवता कोरड्या कपाटात ठेवा.