मुलांना बोलतं करा

तीन दिवसांच्या प्रशिक्षणातून मी एकच वाक्य घेऊन परतले, ‘मुलांना बोलतं करा.’ आता आठवी ‘ब’ला गप्प करण्यातच माझी निम्मी नोकरी सरली, हे त्या तज्ज्ञांना कोण सांगणार?

माझा विषय संयुक्त. ५० गुणांचं हिंदी, ५० गुणांचं संस्कृत. खिचडी खाऊन जडावलेल्या वर्गाला मी विचारलं, “‘पुस्तक’चं लिंग कोणतं?” ‘लिंग’ म्हटल्याबरोबर खिडकीच्या रांगेत खसखस पिकली. मराठीत ते पुस्तक, संस्कृतातही नपुंसकलिंगी, हिंदीत मात्र ती. “बाई, मधल्या मध्ये हिंदीलाच काय झालं?” मी सगळा दोष ‘किताब’च्या संगतीवर ढकलला.

तिथंच थांबायला हवं होतं. पण वर्ग बोलायला लागला होता ना! मी ‘आत्मा’ काढला. मराठीत आणि संस्कृतात तो, हिंदीत ती. मागच्या बाकावरून गंभीर आवाज आला, “म्हणजे बाई, भुसावळला गाडीत बसलेला आत्मा बुऱ्हाणपूर आलं की बाई होतो?” त्यावर दहा मिनिटं चर्चा. आत्म्याला तिकीट लागतं का, हा उपप्रश्नही निघाला.

गाडी रुळावर आणायला मी संस्कृतातली बायको घेतली. (मोह, दुसरं काय.) ‘भार्या’ स्त्रीलिंगी, ‘कलत्रम्’ नपुंसकलिंगी आणि ‘दाराः’ चक्क पुल्लिंगी, तेही कायम अनेकवचनी.

“एकच बायको असली तरी?”

“तरीही.”

“बरोबर आहे बाई,” पहिल्या बाकावरचा एरवी मुका असलेला मुलगा उठला, “आमची आई चिडली की चार जणं बोलतायत असंच वाटतं.”

“आणि बाबा?” कुणीतरी विचारलं.

“अव्यय.”

मी वर्षभर घोकून घेतलं तरी ज्याला अव्ययाची व्याख्या आली नव्हती, त्यानं हे उत्तर दिलं होतं. त्याला शाबासकी द्यावी की दटावावं, हे ठरेपर्यंत वर्ग बाकं बडवायला लागला आणि दारात पर्यवेक्षक उभे राहिले. दोन मिनिटं थांबले, काही न बोलता गेले.

संध्याकाळी सहीसाठी लॉगबुक आलं. शेरा होता: ‘विद्यार्थ्यांचा सहभाग उत्तम. बाईंनीही अधूनमधून बोलावे.’