बर्फात गाडी हलणे वेगळे आणि थांबणे वेगळे

माझ्या भाच्याने आपल्या स्पोर्ट्स कारसाठी हिवाळी टायरची मागणी नोंदवली होती. ती रद्द करावी असे आता त्याच्या मनात आहे, कारण मागच्या चाकांना ताकद देणारी गाडी बर्फात कशी चालवावी हे सांगणारा, सध्या सर्वत्र फिरणारा एक संदेश त्याच्यापर्यंत पोहोचला. संदेशाचा आशय असा आहे: हिवाळी टायर हा निव्वळ कंपन्यांचा धंदा आहे, रुंद उन्हाळी टायर पुरेसे असतात, फारच वाटले तर मागच्या दोन चाकांपुरते हिवाळी टायर घ्यावेत, डिकीत शंभर किलो वाळू भरावी, टायरमधली हवा निम्मी करावी, उतारावर ब्रेकला पाय न लावता झटपट खालचे गिअर टाकत वेग आवरावा, आणि स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे घसरू लागलेली गाडी आपोआप सावरणारी यंत्रणा, कायम बंद ठेवावे. हे सगळे इतक्या आत्मविश्वासाने लिहिले आहे की नव्याने गाडी घेतलेल्या माणसाला ते अनुभवाचे बोल वाटावेत. यातल्या बहुतेक सूचना गाडी जागेवरून हलावी एवढाच विचार करतात. ती थांबेल कशी आणि वळेल कशी, हा प्रश्न लिहिणाऱ्याला पडलेलाच नाही.

टायरपासून सुरुवात करू. उन्हाळी टायरचे रबर साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली कडक होऊ लागते आणि स्पोर्ट्स कारच्या टायरमध्ये हा परिणाम अधिक तीव्र असतो. रुंदीचा मुद्दा तर उलटाच आहे: रुंद टायर बर्फावर तरंगू पाहतो, अरुंद टायर त्यात रुतून पकड शोधतो, आणि म्हणूनच हिवाळ्यासाठी शक्य तिथे थोडे अरुंद टायर निवडले जातात. राहिला धंद्याचा आरोप. टायरच्या बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचे जे चिन्ह असते, ते संदर्भासाठी ठरवून दिलेल्या टायरशी तुलना करून बर्फावर घेतलेल्या चाचणीत उत्तीर्ण झाल्याशिवाय लावता येत नाही. नुसत्या ‘एम प्लस एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) या अक्षरांना अशी चाचणी लागत नाही, आणि म्हणूनच जर्मनीने १ ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी रस्त्यांसाठी केवळ त्या अक्षरांवर विसंबणे बंद करून हे चिन्ह सक्तीचे केले.

मागच्या दोनच चाकांना हिवाळी टायर लावण्याची सूचना वरवर तर्कशुद्ध वाटते, कारण ताकद तिथेच जाते. परंतु ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि थांबवण्याचे बरेचसे काम पुढची चाके करतात. वळवण्याचे काम तर त्यांचेच असते. अशी गाडी निघेल उत्तम, आणि पहिल्याच वळणावर स्टिअरिंग फिरवूनही सरळ पुढे जाईल.

वाळूच्या बाबतीत एक गोष्ट मला मान्य करावी लागते. पुढे इंजिन असलेल्या गाडीत मागच्या आसाच्या अगदी वर थोडे वजन नीट बांधून ठेवले, तर चढावर निघताना चाके कमी फिरतात. पण थांबण्याचे गणित पाहा. घर्षणांक ०.२ धरला तर ताशी ५० किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे ४९ मीटर लागतात आणि ०.१ धरला तर सुमारे ९८ मीटर; या हिशेबात गाडीचे वजन कुठेच येत नाही, आणि ताकद कोणत्या चाकांना मिळते हेही येत नाही. येते ती फक्त टायर आणि रस्ता यांच्यातली पकड. शिवाय डिकीच्या टोकाला ठेवलेले शंभर किलो पुढची चाके हलकी करतात आणि मागचा भाग एकदा घसरला की तो आवरणे अधिक कठीण करतात. ज्या गाडीचे इंजिनच मागे आहे, तिला तर या वजनाची मुळीच गरज नसते.

हवा निम्मी करण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. थंडीने टायरमधला दाब आपोआपच उतरतो, दर १० अंशांना साधारण ०.१ बार, तो भरून काढायचा असतो, आणखी घटवायचा नसतो.

या संदेशातली सर्वांत घातक सूचना गिअरची आहे आणि तिच्यामुळेच मी हे लिहायला बसलो. ब्रेकचा पेडल चारही चाकांना आवरतो आणि एबीएस त्यांना अडकू देत नाही. इंजिनाचा रोध मात्र या प्रकारच्या गाडीत फक्त मागच्या दोन चाकांवर येतो. खालचा गिअर टाकून क्लच झटकन सोडला की इंजिनाला एकदम वेगाने फिरवण्याचे ओझे त्या दोन चाकांवर पडते. बर्फाळ रस्ता तेवढी पकड देऊ शकत नाही, म्हणून ती गाडीच्या वेगापेक्षा हळू फिरू लागतात, म्हणजेच घसरू लागतात. टायरची पकड एकूण एकच असते, ती लांबीच्या दिशेने खर्च झाली की बाजूने धरून ठेवायला काही उरत नाही. मग मागचा भाग पुढच्या भागाला मागे टाकू पाहतो आणि उतारावर गाडी स्वतःभोवती फिरते. वळणात हँडब्रेक ओढल्यावर जे होते, तेच हे. एबीएस इथे मदतीला येत नाही, कारण ते ब्रेकचा दाब सोडू शकते, इंजिनाने अडवलेले चाक सोडवू शकत नाही. काही गाड्यांत अशा वेळी इंजिनाचा वेग किंचित वाढवणारी सोय असते, पण ती बहुधा त्याच स्टॅबिलिटी कंट्रोलचा भाग असते, जे बंद ठेवायला हा संदेश सांगतो! पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत हीच चूक केली तर गाडी सरळ घसरत जाते. तेही वाईटच, पण ती अशी गरकन फिरत नाही.

उतार सुरू होण्यापूर्वीच वेग अगदी कमी करून खालचा गिअर घेणे आणि क्लच हळूहळू सोडून त्याच गिअरमध्ये राहणे हे मात्र योग्य आहे. त्यातूनही मागचा भाग सरकलाच, तर क्लच दाबावा, म्हणजे चाके मोकळी होऊन पुन्हा फिरू लागतात, आणि नजर व स्टिअरिंग जायचे आहे त्या दिशेला ठेवावे.

स्टॅबिलिटी कंट्रोलविषयी एकच आधार पुरेसा आहे. अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेच्या अभ्यासानुसार या यंत्रणेमुळे एकट्या गाडीच्या प्राणघातक अपघाताचा धोका जवळपास निम्म्याने घटतो. युरोपीय संघात २०१४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ती सक्तीची आहे. खोल बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढताना ट्रॅक्शन कंट्रोल, म्हणजे चाके जागच्या जागी फिरू न देणारी सोय, थोडा वेळ बंद करावे लागते, कारण ते ताकद तोडते आणि चाकांना बर्फ उपसू देत नाही, एवढे खरे आहे. गाडी बाहेर आली की ते लगेच चालू करायचे असते.

संदेशात न आलेली एक मर्यादा भाच्याला सांगितलीच पाहिजे. अनेक स्पोर्ट्स कार जमिनीपासून जेमतेम १३ सेंटिमीटर उंच असतात. ताजा बर्फ त्याहून खोल असला की गाडीचे पोट त्यावर टेकते आणि चाकांवरचे वजन कमी होते. अशा दिवशी चारही हिवाळी टायर असले तरी ती गाडी बाहेर काढू नये.